आधी अक्षर, मग रेघ

आम्ही राहतो पेणला आणि शिकवतो रोह्याकडे. सकाळी रोह्याची गाडी मिळाली तर गाडीने, नाही तर एस.टी.ने. शाळा उर्दू माध्यमाची, पाचवीपासून पुढची. वर्गात मुले थोडी आणि भाषा पुष्कळ. घरी कोकणी बोलणारा मुलगा शाळेत उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितो, पुढच्याच तासाला मराठी डावीकडून उजवीकडे लिहितो, आणि उर्दूच्या ओळीत मध्येच एखादे साल आले की त्या चार आकड्यांपुरता पुन्हा दिशा बदलतो. एका हाताला एवढ्या दिशा शिकवायच्या म्हणजे भाषाशिक्षकाचे निम्मे आयुष्य ‘असे नाही, असे’ म्हणण्यात जाते. आम्हीही ते इमानेइतबारे म्हणत आलो. अलीकडे मात्र हे शब्द तोंडातून काढण्यापूर्वी आम्ही थोडे थांबतो. का थांबतो, ते सांगण्यासाठी हा लेख.

निमित्त झाले एका खोक्याचे. धाटावच्या एम.आय.डी.सी.त काम करणाऱ्या एका पालकांनी वर्गातली पुस्तके ठेवायला पुठ्ठ्याची मोठी खोकी आणून दिली. त्यांवर लाल शाईत चिनी अक्षरे छापलेली होती. मधल्या सुट्टीनंतर वर्गात गेलो तर पाचवीतल्या एका मुलाने त्यांतली दोन अक्षरे फळ्यावर उतरवून ठेवली होती. अगदी हुबेहूब. हा मुलगा उर्दूच्या इमल्यात दहापैकी तीन शब्द बरोबर लिहिणारा. आम्हाला बघून म्हणाला, “सर, बराबर है क्या?”

बरोबर आहे की नाही हे सांगण्याइतकी त्या लिपीची ओळख आम्हाला कुठली? रात्री घरी मोबाइलवर शोधले. ती अक्षरे चीनच्या नावाचीच निघाली. पहिल्याचा अर्थ ‘मध्य’, दुसऱ्याचा ‘देश’. दुसरे अक्षर म्हणजे एक चौकोन आणि त्याच्या आत रत्नाचे चिन्ह. मुलाने उतरवलेला आकार बरोबर होता, पण त्याने आधी चारही बाजूंचा चौकोन पुरा केला होता आणि नंतर आत रेघा भरल्या होत्या. चिनी मुलांना असे करू देत नाहीत. आधी डावी भिंत, मग वरची आणि उजवी भिंत एकाच फटक्यात, मग आतला ऐवज, आणि सगळ्यात शेवटी तळाची आडवी रेघ. लक्षात राहावे म्हणून मुलांना सांगतात, माणसे घरात गेल्यावर दार लावायचे. असे आणखीही नियम आहेत. वरून खाली यायचे, डावीकडून उजवीकडे जायचे, आडवी रेघ उभीला छेदत असेल तर आडवी आधी. शेकडो, हजारो अक्षरे याच थोड्या नियमांनी लिहिली जातात.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मुलाला हे सगळे सांगितले. त्याने लक्ष देऊन ऐकले आणि विचारले, “लेकिन सर, दिखता तो वैसाच है ना?”

प्रश्न लहान मुलाचा होता, पण उत्तर चटकन देता आले नाही. एखादी गोष्ट शेवटी जशी व्हायला हवी तशी झाली, तर ती कोणत्या क्रमाने झाली याला काही किंमत आहे का? फळ्यावर शेजारी शेजारी दोन अक्षरे आहेत, एक क्रमाने लिहिलेले, एक क्रम मोडून. खडू खाली ठेवल्यावर दोन्हींत फरक दिसत नाही. मग चूक कुठे आहे? अक्षरात, हातात, की बघणाऱ्या मास्तरच्या मनात?

पेणला राहून क्रमाची गोष्ट काढायची आणि गणपतीच्या कारखान्यांचे नाव घ्यायचे नाही, हे जमणार नाही. हमरापूर, जोहे या आमच्या तालुक्यातल्या गावांत घराघरांत हा व्यवसाय चालतो. साच्यातून मूर्ती निघाली की ती आधी वाळवायची, मग घासून सांधे साफ करायचे, मग पांढरा हात द्यायचा, त्यावर अंगाचा रंग, मग वस्त्र, मग दागिने. डोळ्यांची आखणी उशिरा येते आणि ती करणारा हात वेगळा असतो. कारखान्यात त्याचा मानही वेगळा असतो. इथे कोणी म्हटले की आधी डोळे आखतो आणि मग पांढरा हात देतो, तर त्याला नियम सांगायची गरज नाही. डोळे पांढऱ्याखाली जातील, एवढेच.

आमच्या खारेपाटातल्या बांधाचेही तसेच. खाडीचे पाणी आत येऊ द्यायचे नसेल तर बाहेरचा बांध आधी धरावा लागतो, आतली खाचरे नंतर. बांधाला खांड पडली तर ती ओहोटीच्या वेळातच बुजवावी लागते. भरतीला ‘जरा थांब’ म्हणता येत नाही. हा क्रम कोणा उस्तादाने ठरवलेला नाही, तो मातीने आणि पाण्याने ठरवलेला आहे. तो मोडला तर शिक्षा करायला मास्तर लागत नाही, समुद्रच करतो.

अक्षरांचे काय? कागद तर काहीच म्हणत नाही. उलट्या क्रमाने ओढलेली रेघही तो तितक्याच सबुरीने घेतो.

चिनी लिपीतच एक अक्षर आहे ज्याचा अर्थ ‘शेत’. एक चौकोन आणि त्याच्या आत अधिकचे चिन्ह. पावसाळ्यात गाडीच्या खिडकीतून दिसणारी आमच्याकडची चार खाचरे आणि त्यांमधले बांध वरून पाहिले तर ते अक्षर तयार होईल. चीनमध्ये ते लिहिताना चौकोनाच्या आतली आडवी रेघ आधी काढतात आणि उभी नंतर. जपानने ही अक्षरे चीनकडूनच घेतली, पण तिथल्या शाळेत आतली उभी रेघ आधी आणि आडवी नंतर शिकवतात. तळाची रेघ दोघेही शेवटी काढतात. शेत तेच, बांध तेच, पण चीनच्या मास्तरने जपानी मुलाच्या हाताकडे पाहिले तर तो ‘असे नाही’ म्हणेल, आणि जपानच्या मास्तरला चिनी मूल दिले तर तोही तेच म्हणेल. दोघांचेही बरोबर, आणि दोघांच्याही मते समोरचे मूल चूक.

जपानच्या शिक्षण मंत्रालयाने १९५८ साली रेघांच्या क्रमाची एक मार्गदर्शिका काढली. प्रत्येक शाळेत वेगळे शिकवले तर मुलांचा गोंधळ होतो, म्हणून प्रत्येक अक्षराचा एकेक क्रम ठरवून दिला. पण त्याच पुस्तिकेत हेही लिहून ठेवले की जे क्रम इथे दिलेले नाहीत ते चुकीचे आहेत असे आमचे म्हणणे नाही. एवढ्या मोठ्या खात्याने नियम करताना नियमाबाहेरच्यांसाठी अशी जागा ठेवली, हे वाचून आम्हाला आमच्या खात्यातली परिपत्रके आठवली आणि थोडा हेवा वाटला.

खरे तर आम्हा कोकणी मुसलमानांना हा विचार नवा वाटायला नको. आम्ही बहुतेक शाफई. आमच्याकडे वजूमध्ये तरतीब फर्ज आहे. तोंड, मग कोपरापर्यंत हात, मग डोक्याचा मसह, मग पाय. हा क्रम मोडला तर वजू झाला नाही. आमच्या शाळेत मराठवाड्यातून आलेले सहकारी आहेत, ते हनफी. त्यांच्याकडे वजूची फर्जे चार, आणि तरतीब त्या चारांत नाही, ती सुन्नत. म्हणजे क्रम पाळावा, पाळण्यात सवाब आहे, पण चुकून मागेपुढे झाले तर वजू तुटत नाही. पाणी तेच, अवयव तेच. क्रम हा कर्माचाच भाग की कर्माची शोभा, यावर एवढ्या मोठ्या इमामांनी दोन वेगळी उत्तरे दिली आणि उम्मतने दोन्ही सांभाळली. जोहरच्या वेळी आम्ही एकाच नळाच्या रांगेत बसतो तेव्हा आमच्या सर्वांचा क्रम एकच असतो. आणि एकमेकांच्या मागे उभे राहताना ‘तू तरतीब फर्ज समजून केलीस की सुन्नत समजून’ असे कोणी विचारत नाही.

आणखी एक उदाहरण रोजच्या बघण्यातले. सूरह अलकच्या ज्या आयती सर्वांत आधी उतरल्या, ती सूरह मुसहफात शहाण्णवावी आहे. उतरण्याचा क्रम वेगळा, वाचण्याचा वेगळा. आणि मदरशात मूल पाठ करायला बसते तेव्हा आपण त्याला पहिल्या पाऱ्यापासून नेत नाही. शेवटच्या तिसाव्या पाऱ्यातल्या छोट्या सूरहंपासून मागे मागे आणतो. हा तिसरा क्रम लहान मुलाच्या जिभेचा आणि दमाचा विचार करून ठेवलेला आहे. शिकण्याचा क्रम ग्रंथाच्या क्रमाहून वेगळा असू शकतो, हे आपल्या आजीआजोबांना कोणत्याही बी.एड. शिवाय ठाऊक होते.

इथवर वाचून वाटेल की आम्ही क्रमाला निकालात काढायला निघालो आहोत. तसे नाही. त्या पाचवीतल्या मुलाकडे परत जाऊ या, कारण त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याच वहीत होते.

त्याची उर्दूची वही आम्ही नीट पाहिली. फळ्यावरून उतरवलेले पान सुंदर, जणू छापलेले. इमल्याचे पान म्हणजे सगळा गोंधळ. आम्ही त्याच्या शेजारी बसलो आणि तो लिहिताना अक्षराऐवजी हात पाहिला. ‘तोय’ काढताना तो उभी काठी आधी काढत होता आणि तिला पोट नंतर चिकटवत होता. ‘काफ’चा मरकज आधी, खालचा भाग नंतर. ‘तपिश’ हा शब्द दिला. नस्तलीकमध्ये शब्दाचा सांगाडा आधी एका ओघात लिहायचा आणि मग त्याचे नुक्ते द्यायचे. तपिशचे नुक्ते आठ, वर दोन, खाली तीन, पुन्हा वर तीन. हा मुलगा ‘ते’चा दात काढून थांबे, हात उचलून दोन नुक्ते देई, परत येऊन ‘पे’चा दात जोडे, पुन्हा थांबे. तीन अक्षरांत तीनदा त्याचा शब्द मोडत होता. शीनपर्यंत पोहोचेतो आपण काय लिहीत होतो हेच तो विसरत होता.

तेव्हा उलगडा झाला. हा मुलगा लिहीत नव्हता, अक्षरांची चित्रे काढत होता. समोर फळा असेपर्यंत चित्र निघे. फळा पुसला की समोर काही नाही आणि हातातही काही नाही. अक्षर डोळ्यात राहते त्याहून जास्त हातात राहते. रोज त्याच वाटेने गेलेला हात पुढे डोळे मिटूनही जातो. चिनी लोकांमध्ये आता याचीच तक्रार ऐकू येते. मोबाइलवर उच्चार टाइप केला की अक्षर आपोआप समोर येते, ते ओळखता येते, पण कागदावर लिहायला गेले तर सुशिक्षित माणसाचाही हात अडतो. ‘लेखणी उचलली आणि अक्षर विसरलो’ अशा अर्थाचा शब्दप्रयोगच त्यांच्या भाषेत रूढ आहे. डोळ्याची ओळख शिल्लक राहिली, हाताची गेली.

आपल्या लिपीत तर हाताची वाट चुकली की अर्थही चुकतो. ‘महरम’मधल्या बडी हेच्या पोटात एक नुक्ता पडला की ‘मुजरिम’ होतो. जो मुलगा सांगाडा पुरा करून मग नुक्ते मोजून देतो, त्याला शेवटी एकदा सगळ्या शब्दावरून नजर फिरवावीच लागते. क्रमाने त्याला न मागता ही तपासणी बहाल केलेली असते. कातिब लोकांचे तर सगळे मापच नुक्त्याचे. कलमाच्या टोकाने टेकवलेला चौकोनी नुक्ता हीच त्यांची फूटपट्टी, अलिफ किती नुक्त्यांचा आणि दायरा किती रुंद हे त्यावर ठरे. १९८१ साली नूरी नस्तलीक आले आणि संगणकावर उर्दू वर्तमानपत्रे निघू लागली, तशी ती फूटपट्टी हळूहळू बाजूला पडली. पण मुलाच्या हातात पेन्सिल आहे तोवर वाट शिकवावीच लागते.

त्या मुलाला आम्ही दोन महिने रोज दहा मिनिटे फक्त वाट शिकवली. आधी सांगाडा, मग नुक्ते. आधी पोट, मग काठी. फळ्यावरून उतरवणे बंद, हवेत बोटाने लिहिणे सुरू. त्याची अक्षरे पूर्वीइतकी देखणी राहिली नाहीत, पण इमल्यात तीनाचे सात झाले. मराठीत आपण हस्ताक्षरालाही ‘वळण’ म्हणतो आणि संस्कारालाही वळणच म्हणतो. त्या दोन महिन्यांत हा शब्द किती विचारपूर्वक वापरला गेला आहे ते कळले.

आता जे सांगायचे आहे ते आमच्या घरातले आहे आणि त्यात चूक आमची आहे.

आमची अम्मी शाळेत गेली नाही. कुराण शरीफ मात्र तिने लग्नाआधीच पूर्ण केले होते. नव्वदच्या दशकात गावात साक्षरतेचा वर्ग भरू लागला, तिथे रात्रीची कामे आटोपून ती जाई. तिथे ती मराठीत सही करायला शिकली. नावाची तीन अक्षरे. शिकवणारी गावातलीच मुलगी होती. तिने कित्ता दिला, बायकांनी गिरवला. कोण कुठून सुरुवात करते हे बघायला तिला वेळ नव्हता. अम्मीने आपली वाट आपणच काढली. ती आधी आडवी रेघ ओढायची, बरोबर तीन अक्षरांच्या मापाची. मग त्या रेघेखाली उजवीकडून सुरुवात करायची. आधी तिसरे अक्षर, मग दुसरे, मग पहिले. कुराणाच्या ओळींवर फिरलेली तिची नजर उजवीकडूनच निघत असे, तिला त्यात काही वेगळे वाटत नव्हते. सही पुरी झाली की इतरांच्या सहीसारखी सही दिसे. अब्बा कुवेतला होते. ते पैसे पाठवत, अम्मी बँकेत जाऊन याच सहीवर ते काढी. घर चालले, आमचे शिक्षण झाले, आम्ही बी.एड.पर्यंत पोहोचलो, ते सगळे त्या सहीच्या जोरावर.

२०१२ साली आम्ही बी.एड. होऊन घरी आलो. डोक्यात अध्यापनाच्या पद्धती आणि पाठटाचणे भरलेली. एके दिवशी अम्मीला पैसे काढण्याच्या चिठ्ठीवर सही करताना पाहिले. इतकी वर्षे ती सही आमच्यासमोर होत होती, पण पाहिली त्या दिवशी. आम्ही म्हणालो, “अम्मी, असं नाही. आधी अक्षर, मग रेघ. आणि डावीकडून.”

ती म्हणाली, “रेघ आधी नको? मग अक्षरं कशाला टांगू?”

आम्ही हसलो. तिला समोर बसवले, वही आणली आणि आठवडाभर रोज संध्याकाळी शिकवले. तिने एकदाही कंटाळा केला नाही. मुलगा मास्तर झाला आहे, तो सांगतो आहे म्हणजे बरोबरच असणार, असा तिचा विश्वास. नवी सही आली, पण ती थरथरती होती. तिसरे अक्षर रेघेतून खाली घसरायचे. आम्ही शाबासकी दिली आणि म्हणालो, सवयीने सुधारेल.

पुढच्या महिन्यात बँकेत चिठ्ठी परत आली. सही नमुन्याशी जुळत नव्हती. पुन्हा करा म्हणाले. अम्मीने जुनी सही करायचा प्रयत्न केला, पण आता हात दोन वाटांच्या मध्ये अडकला होता. तिने रेघ ओढली आणि आमच्याकडे पाहिले. रेघ आधी ओढली म्हणून आम्ही रागावू, असे तिला वाटले असावे. पुढे काही उमटले नाही. त्या दिवशी पैसे मिळाले नाहीत, नंतरच्या खेपेलाही नाहीत. तिसऱ्या खेपेला फोटो, साक्षीदार आणि अंगठा. परतीच्या एस.टी.त ती अंगठ्याची निळी शाई ओढणीने पुसत होती. म्हणाली, “अंगठाच बरा. चुकत नाही.”

ती पुन्हा सही करेना. एका साक्षर बाईला आम्ही अंगठेबहाद्दर केले, आणि तेही शिकवण्याच्या नादात. हे आजवर आम्ही कोणाला सांगितले नव्हते. शिक्षकांच्या प्रशिक्षणात आम्ही लेखनकौशल्यावर बोललो आहोत, तेव्हाही नाही.

२०१९ साली शेताच्या कागदपत्रांचे काम निघाले. जुन्या पत्र्याच्या पेटीतून पणजोबांच्या वेळचे खत निघाले, मोडीतले. आपल्या कोकणातल्या पुष्कळ मुसलमान घरांत असे कागद आहेत. जमीन, साक्षी, चतुःसीमा सगळे मोडीत, आणि घरात ते वाचणारा कोणी नाही. मोडी जाणणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांकडे ते घेऊन गेलो. त्यांनी वाचून दाखवले आणि वाचता वाचता सहज सांगितले की मोडीत कागदावर आधी आडव्या रेघा ओढून घेतात, मग एकेका रेघेला अक्षरे टांगत जातात. हात होता होईतो उचलायचा नाही. बाळबोधीत अक्षर आधी आणि रेघ नंतर, मोडीत रेघ आधी आणि अक्षर नंतर.

टांगतात हा त्यांचा शब्द. अम्मीने तोच वापरला होता आणि आम्ही हसलो होतो.

अम्मीला मोडी येत नव्हती. तिने ती कधी पाहिलीही नसेल. तिचे उजवीकडून सुरू करणे तर मोडीतही बसत नाही. पण आम्ही ज्याला चूक म्हणालो होतो, ती आधी रेघ ओढण्याची रीत याच जिल्ह्यात, याच मराठीत, आमच्याच शेताच्या कागदावर शतकानुशतके चाललेली रीत होती. शेजारच्या गुजरातीने तर डोक्यावरची रेघच सोडून दिली आणि तिचे काही अडले नाही. आम्ही शाळेत शिकलेल्या एका रीतीला लिपीचा धर्म समजून बसलो होतो.

चीनमधल्या शांतुंग प्रांतात १९६३ साली जन्मलेले हाजी नूरुद्दीन मी ग्वांगजियांग हे खुशनवीस अरबी आयती चिनी वळणाने लिहितात. त्यांच्या अरबी अक्षरांत कुंचल्याची ओढ दिसते, हात चिनी आहे हे लपत नाही. १९९७ साली त्यांना इजिप्तचे अरबी खुशखतीचे प्रमाणपत्र मिळाले, आणि ते मिळवणारे ते पहिले चिनी मानले जातात. नुक्त्यानुक्त्याचे माप ठेवणाऱ्या परंपरेलाही दुसऱ्या वाटेने आलेला हात ओळखता आला. आम्हाला आमच्या आईचा ओळखता आला नाही.

त्या मुलाला आणि अम्मीला आम्ही एकच वाक्य म्हणालो होतो, ‘असे नाही, असे.’ मुलाच्या बाबतीत ते बरोबर ठरले आणि अम्मीच्या बाबतीत जुलूम ठरले. यावर आम्ही पुष्कळ विचार केला. मुलगा वाटेच्या सुरुवातीला होता आणि त्याची वाट त्यालाच अडवत होती. फळा पुसला की तो निराधार व्हायचा. अम्मी मुक्कामाला पोहोचून अठरा वर्षे झाली होती. तिच्या सहीचे काम एकच, हा हात माझा आहे हे सांगणे, आणि ते काम ती सही चोख करत होती. तिच्या क्रमाने तिला कधी अडवले नव्हते. तो बोचत होता आमच्या डोळ्यांना. दुरुस्त करायला हवा होता तो आमचा डोळा, आणि आम्ही दुरुस्त करत बसलो तिचा हात.

फिकहातले शब्द अदबीने उसने घेऊन बोलायचे तर आम्हाला आता असे वाटते की लिहिण्यातली तरतीब शिकवणाऱ्यावर फर्ज आहे आणि शिकणाऱ्यासाठी सुन्नत. नवे मूल समोर आले की सर्वांत सोपी, सर्वांत चाललेली वाट त्याच्या हातात देणे हे आमचे कर्तव्य. त्यात आळस केला तर आम्ही गुन्हेगार. ‘दिसतं तर तसंच’ म्हणून ते सोडून देणे ही माया नव्हे, हेळसांड आहे. पण जो स्वतःच्या वाटेने पोहोचला आहे, त्याला परत सुरुवातीला नेऊन उभे करण्याचा अधिकार आमच्याकडे नाही. पोहोचलेल्याला त्याची वाट विचारावी, जमले तर त्याच्याकडून शिकून घ्यावी.

मग कोणी कशाही पद्धतीने काहीही करावे का, असे कोणी विचारील. बांध बांधणाऱ्याला, विजेची तार जोडणाऱ्याला, दवाखान्यात सुई टोचणाऱ्याला क्रम पाळावाच लागेल. तिथे माती, पाणी आणि दुसऱ्याचा जीव मध्ये आहे. म्हणून आता ‘असे नाही’ म्हणण्याआधी आम्ही मनात तीन प्रश्न विचारतो. हा क्रम मातीने, पाण्याने मागितलेला आहे का? याच्या क्रमामुळे याचे स्वतःचे किंवा दुसऱ्याचे काही अडते आहे का? की फक्त मला बघवत नाही? पहिल्या दोहोंपैकी एकाचेही उत्तर हो आले तर बोलतो. फक्त तिसऱ्याचे आले तर गप्प बसतो. गप्प बसणे आमच्या पेशात सर्वांत अवघड, हे शिक्षक वाचकांना सांगायला नको.

त्या मुलालाही त्याच्या प्रश्नाचे उत्तर दिले. म्हणालो, “दिसतं तसंच. पण फळा पुसल्यावर परत काढून दाखव.” त्याने हवेत बोट फिरवले. डावी भिंत, वरची आणि उजवी भिंत, आतले रत्न. मग हसून तळाची रेघ ओढली आणि म्हणाला, “दरवाजा बंद.”

अम्मीचे राहिले. ‘अंगठा चुकत नाही’ असे ती म्हणाली होती, पण आता तोही चुकू लागला आहे. रेशनच्या दुकानातले यंत्र तिचा अंगठा ओळखत नाही. चुलीने, भांड्यांनी आणि भातलावणीने त्यावरच्या रेषा पुसट केल्या आहेत. दोनतीनदा तिला परत यावे लागले. यंदाच्या रमजानमध्ये इफ्तारनंतर ती म्हणाली, “ती वही आण बघू.” कोणती वही ते तिने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही.

वही आणली, पेन दिले. तिने आडवी रेघ ओढली, तीन अक्षरांच्या मापाची. मग थांबून आमच्याकडे पाहिले. आम्ही पेल्यात पाणी ओतत होतो, ओतत राहिलो. तिने मान खाली घातली आणि उजवीकडून पहिले अक्षर टांगले. तिसरे अजून थोडे घसरते.